‘पॉवर’ची नोंद : शालेय शब्दकोशातल्या एका शब्दाचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका जिल्ह्याच्या ठिकाणी काही शिक्षकांनी मिळून शालेय इंग्रजी-मराठी शब्दकोश करायला घेतला होता. तो कुणासाठी, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. सातवीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली आणि आठवीपासून सेमी-इंग्रजीच्या वर्गात बसलेली मुलं, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. अशा मुलाला एकाच दिवशी एकच इंग्रजी शब्द गणिताच्या तासाला एका अर्थाने, विज्ञानाच्या तासाला दुसऱ्या अर्थाने भेटतो आणि संध्याकाळी घरी तिसऱ्याच अर्थाने कानावर पडतो.

मंडळात भाषेची बाजू माझ्याकडे होती. विज्ञानाचे एक सर, नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम, सल्ल्याला एक वकीलसाहेब आणि संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक होते. प्राध्यापकांना सगळे गुरुजी म्हणत. ओळख पटेल असे तपशील मी इथे गाळले आहेत. शब्दाचा प्रवास आणि वाद मात्र झाले तसेच मांडले आहेत.

पहिल्या खर्ड्यात ‘पॉवर’ची नोंद एका ओळीची होती : “शक्ती, ताकद, सामर्थ्य, बळ, ऊर्जा, सत्ता, अधिकार, घात, वीज.” पर्याय असे स्वल्पविराम देऊन मांडायची रीत आपल्याकडे जुनी आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशापासून ती चालत आली आहे. दोन्ही भाषा मुरलेल्या माणसाला ती पुरते, कारण त्याला नऊ शब्दांतला हवा तो उचलता येतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तो निवडता येईल का, हे खर्डा करताना कुणी तपासलं नव्हतं.

अडचण

खर्ड्याची काही पानं नववीच्या एका वर्गात चाचणीला दिली. इंग्रजी वाक्यं द्यायची, कोश उघडा ठेवायचा आणि अर्थ मराठीत लिहायचा, एवढंच काम.

दोनचा तिसरा घात असं सांगणाऱ्या इंग्रजी वाक्याचं भाषांतर एका मुलाने “दोन ते शक्ती तीन” असं केलं आणि पुढे उत्तर सहा लिहिलं. राज्यपालांच्या अधिकारांबद्दलच्या वाक्याला बऱ्याच जणांनी “राज्यपालांची ताकद” लिहिलं. सगळ्यात अवघड निघालं ते एका हुशार मुलीचं उत्तर. पॉवरची व्याख्या तिने दिली : “कार्य करण्याची क्षमता म्हणजे शक्ती.” वाक्य घोटून पाठ केलेलं, शुद्ध आणि आत्मविश्वासाने लिहिलेलं. पण ती व्याख्या ऊर्जेची आहे.

विज्ञानाचे सर अस्वस्थ झाले ते या तिसऱ्या उत्तरामुळे. पहिल्या दोन ठिकाणी चूक झाली आहे हे निदान दिसतं. तिसरी दिसत नाही. ती मुलगी बारावीपर्यंत ती तशीच घेऊन जाईल, आणि तिला त्या वाटेवर आमच्याच नोंदीने घातलं होतं, कारण ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ एकाच ओळीत बसवले होते.

शब्दाचा माग

नोंद दुरुस्त करण्याआधी हा शब्द इतके अर्थ घेऊन आला कुठून, ते पाहायचं ठरलं. सरांना यात वेळ जाईल असं वाटत होतं. पुढचं सगळं काम उभं राहिलं ते याच पाहणीवर.

पॉवर हा मुळात इंग्लंडचा शब्द नाही. जुन्या इंग्रजीत या अर्थाला ‘माइट’ होता, ‘मेन’ होता. आज कारागिरी असा अर्थ असलेला ‘क्राफ्ट’सुद्धा तेव्हा बळ या अर्थाने चाले, आणि जर्मनमध्ये ‘क्राफ्ट’ अजूनही त्याच अर्थाने वापरतात. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबार, जमीनजुमला, न्यायदान या सगळ्यांत फ्रेंच बोलणारी माणसं बसली. त्यांच्या बोलीतला ‘पोएर’ १३०० च्या सुमारास इंग्रजी लिखाणात दिसू लागतो. शब्द राज्यकर्त्यांच्या तोंडून आला, त्यामुळे बळाच्या जोडीने हुकमत, कायदेशीर अधिकार आणि सैन्य हे अर्थ त्याला सुरुवातीपासूनच होते. जुन्या इंग्रजी नाटकांत राजा आपली ‘पॉवर’ घेऊन चालून येतो, तेव्हा त्याच्याबरोबर फौज असते.

फ्रेंचच्या मागे लॅटिन आहे. अभिजात लॅटिनमध्ये ‘पोस्से’ म्हणजे करू शकणं. बोलीतल्या लॅटिनमध्ये त्याचं ‘पोतेरे’ झालं; मधला ‘त’ मऊ होत ‘द’ झाला आणि पुढे गळून गेला. हा ‘द’ कागदावर सापडतो. इसवी सन ८४२ मध्ये स्ट्रासबुर्ग इथे सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी एकमेकांच्या मदतीच्या शपथा घेतल्या. फ्रेंचचा सर्वांत जुना लिखित नमुना म्हणून त्या शपथा ओळखल्या जातात, आणि देव मला जेवढं ज्ञान आणि ‘पोदिर’ देईल तेवढ्याने मी भावाला साहाय्य करीन, असे शब्द तिथे आहेत. पुढे फ्रेंचने मध्ये ‘व’ घालून ‘पुव्वार’ केलं. इंग्रजीने त्याआधीचं रूप उचललं. फ्रेंचमध्ये आजही ‘पुव्वार’ हे ‘शकणे’ या अर्थाचं क्रियापद आहे आणि सत्ता या अर्थाचं नामही तेच आहे. इंग्रजीतले पॉसिबल, पोटेन्शियल, पोटेन्सी हे सगळे त्याच घरातले. आपल्याकडे होमिओपॅथीच्या गोळ्यांना “दोनशे पॉवरच्या” म्हणतात, त्याला इंग्रजीत पोटेन्सी म्हणतात. तोही मुळात तोच शब्द.

यंत्रांकडे हा शब्द गेला अठराव्या शतकात. १७७६ साली बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्यात जेम्स वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने पाहुणा आलेल्या बॉस्वेल या लेखकाला सांगितलं की, साऱ्या जगाला जे हवं असतं ते मी इथे विकतो : पॉवर. राजेमहाराजांची पॉवर आणि वाफेच्या इंजिनाची पॉवर त्या एका वाक्यात एकत्र आली. वॉटने इंजिनाची तुलना घोड्याशी करून एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड असं धरलं. आजच्या मापात ते ७४६ वॅटच्या आसपास येतं. वॅट हे नाव एककाला द्यावं, हे १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने सुचवलं.

पर्याय

एवढी माहिती हातात आल्यावर नोंद कशी लिहायची, यावर मतं फुटली.

सरांचं म्हणणं होतं की विषयवार तुकडे पाडावेत : भौतिकशास्त्रात शक्ती, गणितात घात, राज्यशास्त्रात सत्ता, कायद्यात अधिकार. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश विषयवार आहेतच. तीच शिस्त इथे लावायची. मॅडमना हे पटत होतं, पण त्यांनी एक खोच दाखवली. मूल गोष्टीचं पुस्तक वाचत असेल तर विषय कोणता हे त्याला कसं कळणार? वाक्य समजल्याशिवाय विषय कळत नाही, आणि विषय कळल्याशिवाय नोंदीतला अर्थ सापडत नाही.

इतिहासक्रमाने अर्थ मांडावेत, असंही एकदा पुढे आलं. ते वाचायला सुंदर झालं असतं. पण मग नववीच्या मुलाला पहिला अर्थ ‘फौज’ मिळाला असता. हा पर्याय पहिल्याच बैठकीत मागे पडला.

तिसरी वाट होती एकच गाभ्याचा अर्थ वर ठेवून बाकीचे त्याच्या खाली फांद्यांसारखे मांडण्याची. मला ती पसंत होती. अडचण एवढीच की तो गाभा मराठीत कोणत्या शब्दाने सांगायचा, हे कुणालाच सुचत नव्हतं. ‘शक्ती’ वर ठेवला तर भौतिकशास्त्राचा अर्थ सगळ्यांवर पसरतो, ‘सामर्थ्य’ घ्यावा तर वीज आणि घात त्याखाली येत नाहीत.

निर्णयाची पहिली जागा : ‘पति’

याच सुमारास गुरुजींनी खर्ड्याच्या समासात लिहून पाठवलं : “व्युत्पत्ती – संस्कृत पति.” मंडळातल्या काहींना ते फार आवडलं. पॉवर आपल्याकडून गेला, असं मुलांना सांगता येईल, असं त्यांना वाटलं.

आधार अगदीच नव्हता असं नाही. लॅटिन ‘पोतिस’ म्हणजे समर्थ, आणि संस्कृत ‘पति’ म्हणजे स्वामी, धनी. दोन्ही एका प्राचीन मूळ शब्दातून निघाले, हे भाषाशास्त्रात मान्य आहे. ग्रीक ‘देस्पोतेस’ म्हणजे घरधनी. इंग्रजीत त्याचा ‘डेस्पॉट’ होऊन हुकूमशहा झाला. त्याची संस्कृतातली जोडी ‘दंपति’. आज आपण हा शब्द नवरा-बायकोसाठी वापरतो, पण ऋग्वेदात एकवचनी ‘दंपति’ म्हणजे घराचा स्वामी.

प्रश्न होता तो बाणाच्या दिशेचा. इंग्रजीकडे शब्द फ्रेंचमधून आला, फ्रेंचकडे लॅटिनमधून, आणि ही वाट कागदोपत्री दिसते; ८४२ ची शपथ त्यातलाच एक मुक्काम. संस्कृत या वाटेवर कुठेच नाही. पति आणि पॉवर ही चुलत भावंडं आहेत. एक दुसऱ्याचा बाप नाही. मी गुरुजींपुढे लिथुएनियन भाषेतला ‘व्येश्पत्स’ ठेवला. त्याचा अर्थ प्रभू, स्वामी. वेदातल्या ‘विश्पति’ला तो नेमका जुळतो. बाल्टिक समुद्राकाठच्या शेतकऱ्यांकडे हा शब्द काही संस्कृतातून गेलेला नाही, एवढं सहज दिसतं. गुरुजींनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला आणि स्वतःच समासातली ओळ खोडली.

नोंदीत मग एवढंच गेलं : “संस्कृत ‘पति’शी (सेनापती, राष्ट्रपती) लांबचं नातं.” कंसातली उदाहरणं मुद्दाम घातली. ती नसती तर मुलांनी पती म्हणजे नवरा एवढंच धरलं असतं. या निर्णयावर मी आजही ठाम आहे. मुलांना आपल्या भाषेचा अभिमान वाटावा, पण तो खऱ्या गोष्टीचा वाटावा. आणि खरी गोष्ट काही कमी मोठी नाही.

निर्णयाची दुसरी जागा : गाभा

कोंडी फोडली ती गुरुजींनीच. लॅटिन ‘पोस्से’चा अर्थ करू शकणं, हे ऐकल्यावर ते म्हणाले, “अहो, मग आपला ‘शक्’ धातू दुसरं काय करतो? शक्नोति. त्यातूनच शक्ती, त्यातूनच शक्य.”

आणि त्यातूनच रोजचं ‘शकणे’. मी करू शकते, तो उचलू शकतो, हे मराठी मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बोलत असतं. ‘शक्य’ आणि ‘शक्ती’ यांचं जे नातं, तेच ‘पॉसिबल’ आणि ‘पॉवर’ यांचं. धातू निराळे, पण दोन्ही भाषांनी बळाची कल्पना करू शकण्यातूनच उभी केली आहे. आम्ही वरचा अर्थ नामात शोधत होतो. तो या क्रियापदात होता.

नोंदीची पहिली ओळ मग अशी झाली : “काही करू शकण्याची स्थिती. कोण काय करू शकतं, ते वाक्यात पाहा.” दुसरं वाक्य सरांनी सुचवलं, आणि माझ्या मते सगळ्या नोंदीत ते सर्वांत उपयोगाचं आहे. राज्यपाल काय करू शकतात? विधेयक राखून ठेवू शकतात, म्हणजे अधिकार. मोटर काय करू शकते? सेकंदाला अमुक इतकं काम, म्हणजे शक्ती. भिंग काय करू शकतं? किरण वळवू शकतं, म्हणजे भिंगाची शक्ती, जिला चष्म्याच्या दुकानात नंबर म्हणतात. विषय ओळखण्याची गरजच उरली नाही; कर्ता कोण, ते पाहिलं की पुरे.

शक्ती आणि ऊर्जा

इथे सरांनी तडजोड केली नाही, आणि ते बरोबर होते. ‘ऊर्जा’ नोंदीतून काढून टाकला. त्याच्या जागी एक उदाहरण आलं. एक हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवायला सुमारे ९८,००० ज्यूल कार्य करावं लागतं. एका पंपाने ते १०० सेकंदांत केलं तर त्याची शक्ती ९८० वॅट. दुसऱ्याने २०० सेकंद घेतले तर ४९० वॅट. टाकी दोघांनीही तेवढीच भरली, ऊर्जा तेवढीच लागली, शक्ती मात्र निम्मी.

मुलांच्या घरी हे आधीपासून असतं. विहिरीवरच्या मोटरीच्या पत्र्यावर ५ एचपी (अश्वशक्ती) आणि शेजारी ३.७ किलोवॅट कोरलेलं असतं, ती शक्ती. ती मोटर तासभर चालली तर पावणेचारपेक्षा जास्तच युनिट लागतात, कारण काही वीज मोटरीतच वाया जाते. युनिट म्हणजे ऊर्जा. वीजबिलावर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये असतो आणि वापर युनिटमध्ये. सरांनी वर्गात बिलं आणायला सांगितली आणि मुलांना दोन्ही आकड्यांभोवती दोन रंगांची वर्तुळं काढायला लावली. वर्षानुवर्षं घरात येणाऱ्या त्या कागदाकडे मुलांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

घात

गणितातल्या अर्थाला गाभ्याची ओळ लागू होत नाही, हे मान्य करावं लागलं. ग्रीक गणिती वर्गाला ‘दुनामिस’ म्हणत, म्हणजे सामर्थ्य. त्याच्याच भाषांतरातून इंग्रजीत पॉवर आला, आणि युक्लिडच्या १५७० मधल्या इंग्रजी भाषांतरात तो या अर्थाने आहे. आपला ‘घात’ मात्र या वाटेने आलेला नाही. भारतीय गणितात गुणाकाराला हनन, वध, घात असे शब्द होते. ‘हन्’ म्हणजे मारणं, आणि घात म्हणजे गुणाकार. म्हणून ‘दोनचा तिसरा घात’ हा शब्द गुणायला सांगतो, जे ‘पॉवर’ सांगत नाही. मुलांना ‘घात झाला’ एवढंच माहीत असतं आणि शब्द ऐकून हसू येतं. हे सांगितल्यावर घाताची बेरीज करण्याचं कारण उरत नाही. म्हणून नोंदीत गणिताला वेगळा क्रमांक दिला आणि खाली लिहिलं : “२ × २ × २ = ८.”

अधिकार, सत्ता आणि हक्क

वकीलसाहेबांचा मुद्दा भाषेचा कमी आणि नागरिकत्वाचा जास्त होता. संविधानाच्या हिंदी पाठात अशा ठिकाणी ‘शक्ति’ येतो, मराठीत ‘अधिकार’. मराठी जास्त स्वाभाविक आहे यात शंका नाही, पण आपण ‘माहितीचा अधिकार’ही म्हणतो, आणि तिथे इंग्रजीत पॉवर नसून राइट आहे. एकच मराठी शब्द दोन्हीकडे आला की मुलाला वाटतं, तहसीलदाराचा अधिकार आणि आपला अधिकार एकाच जातीचे.

वकीलसाहेबांनी फरक बदलीवरून समजावला. तहसीलदारांची बदली झाली की दाखल्यावर सही करण्याचा अधिकार त्यांच्याबरोबर जात नाही. तो पदाला चिकटलेला असतो आणि पुढच्या माणसाला मिळतो. माझा हक्क मात्र माणूस म्हणून, नागरिक म्हणून माझा आहे. मी कुठल्या खुर्चीत बसले आहे यावर तो अवलंबून नाही. ठरलं ते असं : पॉवरखाली “अधिकार (पदामुळे किंवा कायद्याने मिळालेला)” आणि राइटच्या नोंदीत ‘हक्क’ आधी, ‘अधिकार’ नंतर. ‘सत्ता’ राज्य चालवण्यापुरता ठेवला, महासत्तेसह. दुसऱ्याला आपले अधिकार वापरायला देण्याचा कागद, ‘पॉवर ऑफ अॅटर्नी’, म्हणजे मुखत्यारपत्र, तोही एका ओळीत आला. त्याबद्दल वाद नव्हता. ज्यांच्या घरात जमिनीची कामं चालतात त्या मुलांना तो शब्द माहीत होता.

‘पॉवर’पासून निघालेल्या ‘एम्पॉवरमेंट’ची गंमत मॅडमनी सांगितली. बचत गटांच्या फलकांवर सबलीकरण असतं किंवा सक्षमीकरण. ‘क्षम’ म्हणजे करू शकणारा. फलक रंगवणाऱ्यांनी आमच्या आधीच गाभा पकडला होता.

निष्पत्ती

नवी नोंद जुन्या नोंदीच्या पाचपट लांब झाली. तिला जागा द्यायला त्या पानावरचे काही क्वचित लागणारे शब्द गाळावे लागले, आणि त्यावर कुरकुर झाली.

त्याच वर्गाला पुन्हा तशीच वाक्यं दिली, तेव्हा घाताची आणि राज्यपालांची गफलत जवळजवळ दिसली नाही. ऊर्जेची व्याख्या लिहिणाऱ्या मुलीने या वेळी पंपाचं उदाहरण स्वतःच्या आकड्यांनी मांडलं. काही गोष्टी तशाच राहिल्या. ‘हाय-पॉवर्ड’ समिती मुलांना कळली नाही; आपण तिला उच्चाधिकार समिती म्हणतो, हे नोंदीत यायला हवं होतं. रोजच्या बोलण्यातलं “शक्ती लावून ढकल” आणि पुस्तकातली शक्ती यांचा गोंधळही उरला. बोलण्यातल्या त्या शक्तीला भौतिकशास्त्रात ‘बल’ म्हणतात, आणि हा पेच ‘फोर्स’च्या नोंदीत सोडवावा लागणार होता.

पुन्हा करायचं झाल्यास

चाचणी खर्डा तयार झाल्यावर न घेता आधी घ्यावी. मुलं चुकतात कुठे ते कळल्यावरच नोंद लिहायला बसलं, तर नऊ पर्यायांची ओळ लिहिलीच जाणार नाही.

मराठीत रुळलेल्या ‘पॉवर’ला स्वतंत्र जागा द्यायला हवी होती. चष्म्याची पॉवर, गोळीची पॉवर, “त्याची तालुक्यात लई पॉवर आहे” हे सगळं मुलं घरून घेऊन येतात. इंग्रजी शब्दाकडे ती या अर्थांवरूनच जातात, आणि आम्ही त्यांना कोऱ्या पाटीची समजून चाललो. एखादा वायरमन आणि चष्म्याच्या दुकानातला माणूस पहिल्या बैठकीपासून बोलावला असता तर हे आपोआप पुढे आलं असतं.

व्युत्पत्तीच्या ओळीवर मंडळात अजून दोन मतं आहेत. मुलांना तिचा उपयोग नाही, असं सर म्हणतात. माझं मत वेगळं आहे : गाभ्याची ओळ सापडली तीच व्युत्पत्ती पाहिल्यामुळे, त्यामुळे छापायची की नाही हे जागा पाहून ठरवावं, पण नोंद लिहिणाऱ्याने ती पाहिल्याशिवाय लेखणी उचलू नये. ‘फोर्स’ची नोंद याच क्रमाने चालू आहे. बल, जबरदस्ती, पोलीस दल आणि ‘अंमलात असलेला’ कायदा, असे चार अर्थ टेबलावर आहेत. चाचणीची वाक्यं या वेळी आधी वर्गात गेली आहेत.